उन्हातली वाट आणि पाठीवरचे ओझे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या घरांतील तरुण मुलामुलींना पाय फुटतात. इंदुरात राहणाऱ्या मंडळींना त्यासाठी फार लांब जावयास नको. महूच्या पुढे जानापावचा डोंगर आहे, पाताळपाणी आणि कालाकुंडाकडच्या दऱ्या आहेत, चोरलचे रान आहे. आणि घाट उतरून निमाडात गेले की ओंकारेश्वर, महेश्वर आणि नर्मदामैयाचा सारा काठ आहे. ज्यांचे मामा-काका पुण्या-कोल्हापुराकडे किंवा कोकणात आहेत, ती मुले आजोळी जाण्याचे निमित्त करून सह्याद्रीतील गड धुंडाळावयास जातात. दोन दिवसांचे, चार दिवसांचे सामान पाठीवर टाकावयाचे आणि चालू लागावयाचे, असा हा बेत असतो.

खरे पाहता पायी हिंडण्याचा काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. नर्मदेच्या परिक्रमेस निघणारे लोकही चातुर्मास संपल्यावरच वाट धरतात. परंतु शाळा-महाविद्यालयांच्या सुट्ट्या काही चालणाऱ्यांची सोय पाहून ठरत नाहीत. आपली मुले चैत्र-वैशाखातच बाहेर पडणार, हे धरूनच आम्ही लिहीत आहोत. दर उन्हाळ्यात कोठल्या ना कोठल्या डोंगरावर कोणी तरुण उष्माघाताने दगावल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते. ती वाचून काही आईबाप मुलांना घरातच डांबतात, तर काही दुकानात जाऊन हजारो रुपयांचे सामान आणून देतात. पहिल्या उपायाने मुलगा हिरमुसतो. दुसऱ्याने पुष्कळदा धोका वाढतो, आणि त्याबद्दलच येथे थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे.

गिरिभ्रमणाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात आम्ही मध्यंतरी सहज चौकशी केली. दोन रात्रींच्या उन्हाळी सहलीसाठी काय काय लागेल, असे विचारताच तेथील तरुण विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने आमच्यापुढे एकेक वस्तू मांडली: पाणी आत न शिरणारे घोट्यापर्यंतचे बूट, पिसांची झोपण्याची पिशवी, दोन पदरी तंबू, गॅसची शेगडी, तिची भांडी, साठ लिटरची सॅक. वस्तू उत्तम होत्या यात शंका नाही. मनालीच्या वरच्या बाजूस किंवा लडाखात जावयाचे असते तर त्यांतील बऱ्याचशा आम्ही घेतल्याही असत्या. पण हा सारा संसार पाठीवर चढवला की पाण्यासाठी जागा उरते ती फक्त एका बाटलीची, आणि पाठीत बळ उरते तेही तेवढेच. थंडीत सामान माणसाची ऊब राखते. उन्हाळ्यात माणसाला राखणारी वस्तू एकच, ती म्हणजे पाणी. बाकीच्या प्रत्येक वस्तूने त्याला वाट करून द्यावयाची, असा हिशेब ठेवला म्हणजे काय घ्यावे आणि काय टाकावे हे आपोआप कळू लागते.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. चालताना आपण जी शक्ती खर्च करतो तिच्यातील जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामी लागतो. उरलेली सारी उष्णता होऊन शरीरात साठते. पाठीवरचा प्रत्येक किलो ही उष्णता वाढवतो. बाहेरची हवा अंगाहून गार असेल तोवर उष्णता आपोआप बाहेर जाते. पण पारा पस्तिशीच्या पुढे गेला की तो मार्ग बंद होत जातो, आणि उरतो केवळ घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. येथे ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. टपटप गळून जमिनीवर पडलेला घाम अंग गार करीत नाही. तो नुसता वाया जातो. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते, वाळ्याच्या पडद्यामागची खोली ज्या नियमाने थंड राहते, त्याच नियमाने आपले शरीर चालते. माठ पाझरला पाहिजे आणि पाझरलेले पाणी हवेने उचलले पाहिजे.

आता हवा ते पाणी किती झपाट्याने उचलते हे गावागणिक निराळे असते. निमाडातील खरगोनकडे वैशाखात पारा ४२ अंशांवर असतो, पुष्कळदा ४५च्याही वर जातो. पण हवा कोरडी असते. तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून पाहिले, तर ४२ अंश आणि १५ टक्के दमटपणा असताना पारा २२ अंशांच्या आसपास उतरतो. कोकणात किंवा गोव्यात त्याच दिवशी साधा पारा ३४ अंशच दाखवील. परंतु दमटपणा ७५ टक्के असेल तर ओल्या फडक्याचा पारा ३० अंशांच्या खाली येत नाही. म्हणजे इंदूरच्या मुलाला ‘चौतीसच तर आहे’ असे वाटणारे कोकणातले ऊन, घाम वाळण्याच्या दृष्टीने निमाडाच्या उन्हापेक्षा कठीण असते. निमाडात धोका दुसऱ्याच प्रकारचा. तेथे घाम इतक्या लवकर वाळतो की आपल्याला घाम आला हेच कळत नाही; सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग दिसू लागतात तेव्हा उमज पडते. सामान निवडण्यापूर्वी आपण कोणत्या उन्हात जात आहोत, कोरड्या की ओल्या, हा प्रश्न स्वतःस विचारावा. कपड्यांचे आणि भांड्यांचे बरेचसे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

कपड्यांचेच पाहा. आमच्या पिढीला ‘उन्हाळ्यात सुती’ हे बाळकडूतच मिळाले आहे, आणि माळव्या-निमाडात ते अगदी बरोबर आहे. सुती कापड घाम धरून ठेवते; कोरड्या हवेत तो तेथेच वाळतो आणि अंगाला गारवा देतो. हाच सुती सदरा कोकणातल्या घाटवाटेवर सकाळी आठ वाजता जो भिजतो तो रात्रीपर्यंत वाळत नाही, अंगाला चिकटतो, आणि काखेत व मांड्यांत घासून कातडी सोलून काढतो. तेथे पातळ, चटकन वाळणारे कृत्रिम धाग्याचे कापड बरे. दोन्हीकडे लागू पडणारी गोष्ट म्हणजे कपडा सैल असावा आणि हात-पाय झाकणारा असावा. हल्लीच्या मुलांस अर्ध्या चड्डीत डोंगर चढणे आवडते, त्याला आमची हरकत सावलीपुरती नाही. पण ज्या हवेचा पारा अंगाहून चढा आहे ती उघड्या कातडीवर आली की गारवा देत नाही, भाजते. सैलपणाचे महत्त्व किती, याचा एक मौजेचा पुरावा आहे. वाळवंटात राहणारे बदाऊनी लोक काळे झगे का घालतात, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांना पडला. त्यांनी काळा व पांढरा असे दोन्ही झगे घालून भर उन्हात मापे घेतली आणि १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला. काळे कापड ऊन जास्त शोषते हे खरे, पण सैल झग्याखाली हवा खेळत असल्यामुळे ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून रंग फिकट घ्यावा हे चांगलेच, परंतु घट्ट पांढऱ्यापेक्षा सैल रंगीत बरा.

डोक्याला रुंद काठाची टोपी हवी. मानेवर पंचा हवा. तो भिजवून घेतला की कोरड्या उन्हात त्यासारखा दुसरा पंखा नाही. तोच पंचा टॉवेल, गाळणे, जखमेची पट्टी आणि उशीचा अभ्रा होतो. याखेरीज आम्ही छत्रीचा आग्रह धरतो. तरुण मंडळी छत्री पाहून हसतात. डोंगरावर छत्री म्हणजे आजोबांचे काम, असे त्यांचे मत. पण झाड नसलेल्या पठारावर साडेतीनशे ग्रॅममध्ये स्वतःची सावली बरोबर नेता येते, तिच्याइतका स्वस्त उपाय कोणत्याही दुकानात नाही. मात्र वळवाचे ढग जमले, गडगडाट सुरू झाला की छत्री मिटावी आणि उघड्या माथ्यावरून खाली उतरावे. खिशात कांदा ठेवला की लू बाधत नाही, अशी माळव्यात समजूत आहे. खिशातल्या कांद्याचा गुण आम्हांस कधी आढळला नाही. भाकरीबरोबर खाल्लेल्या कांद्याला हरकत नाही.

आता पायांकडे येऊ. पाठीवरच्या वजनापेक्षा पायांतले वजन चालणाऱ्यास चार ते सहा पट जड पडते, हे मोजून सिद्ध झालेले आहे. प्रत्येक पावलाला ते उचलावे लागते, पुढे फेकावे लागते आणि थांबवावे लागते. जाड चामड्याचे, पाणी आत न शिरणारे बूट उन्हाळ्यात दुहेरी वाईट: एक तर जड, आणि बाहेरचे पाणी आत येऊ न देणारे ते अस्तर आतला घामही सहजी बाहेर सोडत नाही. पाय ओला राहतो, कातडी मऊ पडते आणि फोड येतात. एके काळी आपल्याकडे डोंगर चढणारी मंडळी कॅनव्हासचे साधे हंटर बूट घालून कितीतरी गड हिंडून आली. आजही जाळीदार वरच्या कापडाचे, पण तळाला खोल नक्षी असलेले हलके बूट पुरेत. उन्हात दिवसभर चालून पाय सुजतो, म्हणून बूट संध्याकाळच्या वेळी, चालायचे मोजे घालून घ्यावेत. बोटांपुढे अंगठ्याच्या नखाएवढी मोकळी जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतरणीवर नखे काळी पडतात. मोजे सुती नकोत. पातळ लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे दोन जोड घ्यावेत, एक पायात आणि एक सॅकवर वाळत. नवे बूट घालून थेट सहलीला निघणे म्हणजे फोडांना आमंत्रण. नर्मदेच्या वाळूत पट्ट्यांच्या सँडल सोयीच्या असतात. परंतु काठावरच्या बाभळीचे काटे ध्यानात घेता एकट्या सँडलवर भिस्त ठेवू नये.

सॅक चाळीस ते पंचेचाळीस लिटरची पुष्कळ झाली. मोठी सॅक घेतली की ती भरेपर्यंत माणसाला चैन पडत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. निवडताना खांद्याच्या पट्ट्यांपेक्षा कमरेचा पट्टा पाहावा. तो कंबरेच्या हाडांवर बसून बहुतेक भार तेथे उतरवतो. खांदे मग केवळ सॅक सावरण्यापुरते राहतात. हा पट्टा कंबरेच्या हाडांच्या खाली घसरत असेल तर सॅक त्या मुलासाठी लांब आहे, आणि पोटावर किंवा बरगड्यांवर येत असेल तर आखूड. उन्हाळ्यासाठी आणखी एक गोष्ट पाहावी: पाठ आणि सॅक यांच्यामध्ये ताणलेली जाळी आहे काय. पाठीचा एवढा मोठा भाग कापडाखाली दडपला की तेथला घाम वाळत नाही. जाळी असलेली सॅक थोडी जड असते, पण आम्ही तो भार मान्य करतो. जड वस्तू, म्हणजे पाणी आणि शिधा, पाठीला लागून मध्यभागी ठेवावी.

पाणी कशात न्यावे? घराघरांतून हल्ली स्टीलच्या बाटल्या आल्या आहेत. शाळेत त्या छान. पण एक लिटरची रिकामी स्टीलची बाटली तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, तर बाजारात पाण्यासकट मिळणारी प्लॅस्टिकची बाटली तीस ग्रॅमही भरत नाही. चार बाटल्यांत एक लिटर पाण्याएवढा फरक पडतो. तिची घडी कमकुवत असते, म्हणून चार पावसाळे जुनी बाटली नेऊ नये, एवढेच. एकच मोठा डबा नेण्यापेक्षा एकेक लिटरच्या चार बाटल्या बऱ्या. एक फुटली तरी तीन राहतात, आणि किती संपले ते डोळ्यांना दिसते. जुन्या सभासदांस कॅनव्हासची छागल आठवत असेल. मोटारीला, रेल्वेच्या खिडकीला ती टांगलेली असे आणि ऐन दुपारी त्यातले पाणी माठासारखे गार लागे. चालणाऱ्याच्या सॅकला अडकवलेली छागल आजही निमाडात तेच काम करील. पण ती पाझरून गार करते, म्हणजे आपले पाणी खर्च करूनच गार करते हे विसरू नये. आणि कोकणात नेली तर ती नुसती गळेल, गार करणार नाही.

किती पाणी, याला उत्तर हवे असेल तर उन्हात ओझ्यासह चालणाऱ्याने तासाला अर्धा ते पाऊण लिटर, फारच कडक ऊन असल्यास लिटरभर धरावे. दोन पाणवठ्यांमध्ये पाच तासांची वाट असेल तर चार लिटर, म्हणजे चार किलो. नकाशावर निळी रेघ दिसली म्हणून भरवसा ठेवू नये. पाताळपाण्याचा धबधबा पावसाळ्यात पाहिलेल्या माणसाला उन्हाळ्यात तेथला कोरडा कडा ओळखूही येत नाही. सह्याद्रीतील गडांवरच्या टाक्यांचे तसेच. काही टाक्यांत वैशाखातही गोड पाणी असते, काहींत शेवाळ आणि काहींत काहीच नसते. पायथ्याच्या गावातील माणसास विचारावे, आणि गेल्या आठवड्यात वर कोण जाऊन आले असे विचारावे. मिळेल ते पाणी पंचाच्या चौपदरी घडीतून गाळून त्यात क्लोरीनची गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावे. नुसते पाणीच पाणी पिणेही बरे नव्हे. घामातून मीठ जाते ते परत आले पाहिजे. औषधाच्या दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाची क्षारसंजीवनीची पुडी मिळते, तीच घ्यावी. तशाच वेष्टनात मिळणारी साखरेची पेये ही पुडी नव्हेत, वेष्टनावरचे प्रमाण वाचून घ्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. लिंबू पिळले की मुले ते आनंदाने पितात.

भगिनींसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहितो, कारण ती कोणत्याही यादीत नसते. आडोसा मिळणार नाही या संकोचाने अनेक मुली आणि बायका प्रवासात मुद्दाम पाणी कमी पितात. एसटीच्या चार तासांत ते खपून जाते. चाळीस अंशांच्या उन्हात पाठीवर ओझे असताना ते जिवावर बेतू शकते. प्रत्येक तुकडीच्या सामानात एक मोठी गडद ओढणी किंवा जुने लुगडे, दोरी आणि छोटे खुरपे आडोशासाठी म्हणून वेगळे ठेवावे, आणि पुढाऱ्याने दर दोन तासांनी न विचारता थांबावे. लघवीचा रंग फिकट आहे तोवर पाणी पुरते आहे. तो गडद झाला की कमी पडते आहे. हे मुलांस आणि मुलींस दोघांसही घरीच सांगून ठेवावे.

रात्रीच्या सामानात सर्वांत जास्त काटछाट होते. उन्हाळ्यात झोपण्याची पिशवी नको. एक सुती चादर, खाली फोमची कॅरीमॅट आणि वर मच्छरदाणी पुरेशी आहे. नर्मदाकाठी आश्रम आणि धर्मशाळा आहेत, गडांवर देवळे आहेत. तंबूची गरज क्वचितच पडते, आणि उन्हाळ्यात बंद तंबूत झोपणे ही एक शिक्षाच असते. वळीव आला तर अंगावर घ्यावयास आणि एरवी जमिनीवर अंथरावयास एक जाड प्लॅस्टिकचा कागद ठेवावा. विजेरी मात्र प्रत्येकाची स्वतंत्र, शक्यतो कपाळाला बांधावयाची. उन्हाळ्यात चालण्याच्या खऱ्या वेळा दोन: पहाटे चारपासून दहापर्यंत, आणि साडेचारनंतर. त्यामुळे अंधारात पाऊल टाकण्याचा प्रसंग रोजचा असतो. साप आणि विंचू याच वेळी बाहेर पडतात. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय आत घालू नये. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश एके काळी फार प्राणघातक होता, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून पुष्कळांचे प्राण वाचले. पण ते औषध डॉक्टरांनी द्यावयाचे असते. आपण विजेरी न्यावी आणि दंश झाल्यास विनाविलंब १०८ला दूरध्वनी करावा. मोबाइल दिवसभर बंद ठेवला तर दोन दिवस टिकतो, हेही सांगून ठेवतो. आणि अत्तरे, सुगंधी फवारे घरी ठेवावेत. कड्यांवरच्या आग्या मोहोळांस उग्र वास आणि धूर खपत नाही.

शेगडी नको असे आम्ही म्हणतो तेव्हा आयाबाया आमच्याकडे संशयाने पाहतात. पण शेगडी, गॅसचा डबा आणि भांडी मिळून दीड-दोन किलो होतात, शिवाय शिजवावयास आणि भांडी विसळावयास पाणी लागते ते वेगळेच. चुलीसाठी पेटवलेली काडी वैशाखातल्या वाळल्या गवतात पडली तर वणवा लागतो, आणि वणव्यापुढे धावून कोणी जिंकत नाही. आपल्या स्वयंपाकघरात न शिजवता खाण्याचे प्रकार थोडे आहेत काय? दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात. सातूचे पीठ आणि गूळ, दडपे पोह्यांचे साहित्य, भाजलेले शेंगदाणे, चटणी, मोरावळा आणि आपली इंदुरी शेव, जिच्यातील मिठाचा येथे खरोखर उपयोग आहे. बटाट्याची भाजी, ओले खोबरे आणि आंबोळीसारखे ओले पदार्थ पहिल्या सकाळीच संपवावेत. दुपारनंतर ते विषासमान. आमसुलाची एक पुडी आणि कैरीच्या पन्ह्याचा घट्ट गर छोट्या बाटलीत नेला तर क्षारसंजीवनीचा कंटाळा येत नाही.

औषधांच्या पिशवीत चिकटपट्टी, कापूस, जंतुनाशक, क्षारसंजीवनीच्या सहा पुड्या, कात्री आणि ज्याची त्याची नेहमीची औषधे असावीत. उष्माघातावर मात्र पिशवीत औषध नसते. एखादा मुलगा चालता चालता अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग तापलेले लागले, तर घाम आहे की नाही हे पाहत बसू नये. शरीराची उष्णता ४० अंशांच्या पुढे गेल्याची ती लक्षणे असतात. त्यास सावलीत निजवावे, कपडे सैल करावे, बरोबरचे पाणी सर्वांगावर ओतावे आणि मिळेल त्याने वारा घालावा. मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवावीत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. आधी गार करावे, मग हलवावे. तोवर दुसऱ्याने मदत बोलवावी. पाठीवर चार लिटर पाणी न्यावे असे आम्ही वारंवार म्हणतो त्याचे हे दुसरे कारण. पिण्यापुरतेच नेले असेल तर अशा वेळी ओतावयास काही उरत नाही.

आता वजनाचा जमाखर्च मांडून दाखवतो. सॅक सव्वा किलोच्या आत, चादर ४०० ग्रॅम, मॅट ३००, मच्छरदाणी ४००, प्लॅस्टिकचा कागद २००, कपड्यांचा एक जादा जोड ५००, छत्री ३५०, विजेरी १००, औषधे २५०, ताटली-पेला २००, दात घासण्यापासूनची किरकोळ २००. एकूण सव्वाचार किलोच्या आत. दोन दिवसांचा कोरडा शिधा सव्वा किलो. पाणी चार किलो. बेरीज साडेनऊ किलोच्या आसपास, म्हणजे साठ किलोच्या मुलाच्या वजनाच्या साधारण सोळा टक्के. यातील निम्म्याला थोडे कमी हे पाणीच आहे, आणि ते वाटेत उतरत जाते. दुकानातल्या त्या तरुणाची यादी घेतली असती तर पाण्याखेरीजच चौदा-पंधरा किलो झाले असते. हलक्या सामानाने लांब जाता येत नाही, अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्यासाठी अमेरिकेतील एमा गेटवूड या बाईंचे उदाहरण आहे. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, घरी शिवलेली एक थैली खांद्यावर टाकून, साधे कॅनव्हासचे बूट घालून आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा घेऊन त्यांनी तीन हजारांहून अधिक किलोमीटरची अॅपलेशियन पायवाट एकटीने पूर्ण केली. त्या नातवंडे असलेल्या आजीबाई होत्या. आपल्या परिक्रमावासीयांची झोळी, कमंडलू आणि काठी पाहिली तर त्यांना ते मुळीच नवल वाटले नसते.

निघण्यापूर्वी दहा-बारा दिवस मुलांनी रोज संध्याकाळी, ऊन पुरते उतरण्यापूर्वी, तासभर भरलेली सॅक घेऊन चालावे. शरीराला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. वातानुकूलित खोलीतून उठून थेट गडावर गेलेल्या मुलाचे शरीर हे शिकलेले नसते, मग त्याची सॅक कितीही महाग असो. या फेऱ्यांचा दुसरा फायदा असा, की तिसऱ्या दिवशी मुले आपणहून सॅकमधील वस्तू बाहेर काढू लागतात.

सॅक, मॅट, मच्छरदाण्या यांची खरेदी प्रत्येक घराने करावी असे आम्हांस वाटत नाही. वर्षातून चार दिवस वापरून उरलेले वर्ष त्या माळ्यावर पडून असतात, आणि ज्या घरांना ती खरेदी झेपत नाही तेथील मुले सहलीला नावच देत नाहीत. न्यासाच्या सभागृहातील एका कपाटात आठ-दहा सॅक, तितक्याच मॅट आणि मच्छरदाण्या ठेवून नाव लिहून त्या न्यावयास द्याव्यात. सॅक घेताना लहान-मोठ्या दोन्ही मापांच्या घ्याव्यात, म्हणजे मुलींना आणि लहान चणीच्या मुलांना कमरेचा पट्टा नीट बसेल. परत आल्यावर सॅक उन्हात वाळवून, खिसे उलटे करून जमा कराव्यात. बूट मात्र या कपाटात ठेवू नयेत. एकाच्या पायाने घडवलेला बूट दुसऱ्याच्या पायाला फोडच आणतो. ज्याचे बूट त्यानेच घ्यावेत, आणि ज्याला ते जमत नसेल त्याच्यासाठी न्यासाने नवेच घ्यावेत.